पक्षाघातानंतरचा खांदा : पहिल्या वर्षाची नोंद

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर सगळ्यांचे लक्ष रुग्ण पुन्हा चालेल का, नीट बोलेल का, याकडे लागलेले असते आणि ते स्वाभाविकच आहे. त्यानंतर काही आठवड्यांनी खांदा दुखू लागेल, आणि इतका दुखेल की कुशीवर वळण्याची, अंगात ब्लाउज घालण्याची, कोणी जवळ येऊन बसण्याचीही धास्ती वाटेल, हे मात्र मला रुग्णालयातून घरी पाठवताना कोणी सांगितले नव्हते. पुढे वर्षभर या एका सांध्यासाठी मी, माझे यजमान आणि घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडम यांनी जे काही केले, ते क्रमाने येथे मांडते आहे. हात लुळा असताना खांदा एका कारणाने दुखतो, सांधा आखडल्यावर दुसऱ्या आणि स्नायू ताठरल्यावर तिसऱ्या. त्यामुळे ओळखीच्या एखाद्या रुग्णाला गुण आलेला उपाय आपल्याला चालेलच असे नाही, आणि आपल्यालाच तीन महिन्यांपूर्वी चाललेला उपाय आज चालेल याचीही खात्री नसते.

मी नाशिकच्या एका पतसंस्थेत लेखनिक आहे. झटका आला तेव्हा माझे वय ५६ होते आणि मधुमेह जुना होता. ९ जानेवारी २०२३ रोजी, सोमवारी पहाटे उठताना डावा हात आणि डावा पाय जागचे हलेनात. मेंदूच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि झटका झोपेत आल्यामुळे तो नेमका केव्हा आला हेच ठाऊक नव्हते, म्हणून ते देता आले नाही. वाचा शाबूत राहिली. पाय आठवडाभरातच थोडा हलू लागला, हात मात्र निपचित होता.

रुग्णालयात असताना त्या हाताचे काय करायचे याचा विचार कोणी केल्याचे मला आठवत नाही. पलंगावर वर सरकवायचे असले की मदतनीस दोन्ही काखांत हात घालून मला ओढत आणि घाई असली तर थेट डावे मनगट धरून उठवून बसवत. मला तेव्हा दुखतही नव्हते, कारण त्या बाजूची संवेदनाच मंदावली होती, आणि जे दुखत नाही त्याची तक्रार कोण करणार! मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांना डावी बाजू आपलीच आहे याचे भान कमी होते. माझा हात पाठीखाली दबलेला असे आणि मी निवांत चहा पीत असे. बहीण भेटायला आली की तिचे पहिले काम म्हणजे माझा हात शोधून मांडीवर आणून ठेवणे. आज वाटते की खांद्याचे पुढचे बरेचसे दुखणे त्या आठवड्यातच पेरले गेले असावे. ज्यांचा रुग्ण अजून रुग्णालयात आहे त्यांनी पलंगाच्या उशाशी ठळक अक्षरांत ‘डावा हात ओढू नये’ अशी चिठ्ठी अवश्य लावावी, आणि रक्तदाब मोजण्यासाठी व सलाइनसाठी शक्यतो चांगला हात वापरावा असे नर्सताईंना पहिल्याच दिवशी सांगावे.

१८ जानेवारीला घरी सोडले. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी, साखर आणि रक्तदाब यांविषयीच्या सूचना होत्या आणि शेवटी ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी’ एवढी एकच ओळ होती. या एका ओळीने विम्याच्या वेळी फार छळले. आमच्या पॉलिसीत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या ६० दिवसांचा संबंधित खर्च मिळण्याची तरतूद होती, पण विमा कंपनीने विचारले की फिजिओथेरपी आठवड्यातून किती वेळा, किती आठवडे आणि घरी का रुग्णालयात, हे डॉक्टरांनी कोठे लिहिले आहे? न्यूरॉलॉजिस्टांकडून तसे वेगळे पत्र आणावे लागले. शिवाय सुरुवातीच्या पावत्यांवर फिजिओथेरपिस्टांचा नोंदणी क्रमांक नव्हता, म्हणून त्या पुन्हा करून घ्याव्या लागल्या. महाराष्ट्रात ही नोंदणी व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) परिषदेकडे होते आणि तिचा क्रमांक पावतीवर असायला हवा. एवढे करूनही २५,५०० रुपयांच्या दाव्यातले १७,००० रुपयेच मिळाले, आणि तेही जून महिन्यात. खांद्यावरचा खरा मोठा खर्च ६० दिवस उलटल्यावरच सुरू झाला, तो सगळा खिशातून गेला.

घरी येणाऱ्या मॅडम एका भेटीचे ५०० रुपये घेत. रविवार सोडून रोज, म्हणजे महिन्याला तेरा हजारांच्या घरात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्टुलावर बसवले, डावा हात मोकळा लोंबू दिला आणि खांद्याच्या वरच्या हाडाच्या टोकाखाली बोट ठेवले. बोट आत गेले. मग माझ्या यजमानांचे बोट तेथे ठेवून दाखवले आणि उजव्या खांद्याला तशी खाच नाही हेही दाखवले. खांद्याची खोबण फार उथळ असते. बशीत लिंबू ठेवावे तसा दंडाच्या हाडाचा गोल माथा तीवर टेकलेला असतो आणि त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम भोवतालचे स्नायू करतात. ते लुळे पडले की हाताचे सारे वजन सांध्याच्या आवरणावर येते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या एका हाताचे वजन तीन किलोंच्या आसपास भरते. एवढे ओझे दिवसभर लोंबत राहिले तर माथा हळूहळू खाली सरकतो. याला अर्धवट सांधा निखळणे म्हणता येईल, पण हाडवैद्याकडे जाऊन तो ‘बसवून’ घेण्याचा हा प्रकार नव्हे, असे मॅडमनी आम्हांला दोनदा बजावले. नुसत्या खाचेमुळे प्रत्येकाला दुखतेच असेही नाही. मात्र असा सैल सांधा ओढाताणीत लवकर दुखावतो.

त्या दिवसापासून घरात हाताचे नियम ठरले. बसताना मांडीवर जाड उशी आणि तिच्यावर कोपरापासून बोटांपर्यंत पूर्ण हात. जेवताना हात टेबलावर, डोळ्यांसमोर, म्हणजे त्याचे विस्मरणही होत नाही. उताणे झोपताना डाव्या खांद्याच्या फऱ्यामागे, म्हणजे पाठीवरच्या चपट्या हाडामागे, चादरीची घडी आणि हात शरीरापासून थोडा दूर, उशीवर. उजव्या कुशीवर झोपताना डावा हात पुढे दोन उशांवर. दुखऱ्या कुशीवर कधीच झोपायचे नसते असे मला वाटत होते, पण तसे नाही. फरा नीट पुढे आणून घेतला आणि वजन खांद्याच्या टोकावर न येता फऱ्यावर आले तर त्या कुशीवरही झोपता येते. हे यजमानांना जमायला वेळ लागला. ते सवयीने दंड धरत. शेवटी मॅडमनी त्यांचा तळवा माझ्या पाठीमागून फऱ्याखाली सरकवला आणि सांगितले, ‘काका, ढकलायचं ते इथून. हाताला हात लावायचाच नाही.’ उठवून उभे करताना धरण्यासाठी माझ्या कमरेला रुंद सुती पट्टा बांधला जाऊ लागला आणि काखेत हात घालणे घरातून कायमचे हद्दपार झाले.

झोळीवरून, म्हणजे हात गळ्यात बांधण्याच्या पट्ट्यावरून मात्र घरात वाद झाला. माझ्या सासूबाईंच्या मते हात सतत बांधलेला असावा, म्हणजे सांधा जागेवर राहील. मॅडमचे म्हणणे असे की उभे राहताना आणि चालताना पट्टा ठीक आहे, पण बसल्यावर तो काढून हात उशीवर ठेवायचा, कारण कोपर सतत मुडपलेले आणि दंड अंगाला चिकटलेला राहिला तर पुढे स्नायू त्याच स्थितीत आखडतात. आम्ही मॅडमचे ऐकले. त्यांनी खांद्याच्या मागच्या स्नायूंवर आणि फऱ्याच्या वरच्या भागावर पट्ट्या लावून विजेच्या सौम्य झटक्यांचे यंत्रही काही आठवडे वापरले. लुळेपणाच्या सुरुवातीच्या काळात त्याने खाच कमी होण्यास मदत होते. माझी खाच कमी झाली, बोटाऐवजी बोटाचे टोकच आत जाऊ लागले.

दुखणे सुरू झाले ते फेब्रुवारीच्या मध्यावर. प्रथम फक्त रात्री, कूस बदलताना. मग अंघोळीनंतर कपडे घालताना. मार्च उजाडेपर्यंत दुखणे दंडाच्या बाहेरच्या बाजूने कोपरापर्यंत उतरू लागले आणि कोणी नुसता हात पुढे केला तरी मी आक्रसून जाऊ लागले. संवेदना परत येत असल्याचे ते लक्षण आहे म्हणून घरात आनंद व्यक्त झाला, तेव्हा मला अक्षरशः रडू कोसळले. ज्या बाजूची जाणीवच नव्हती तेथे आता केवळ वेदनेची जाणीव होती.

कपड्यांचा प्रश्न शिंप्याने सोडवला. पुढून उघडणारे ब्लाउज, डावी बाही दोन इंच सैल आणि हुकांच्या जागी वेलक्रो. घालताना दुखरा हात आधी आणि काढताना शेवटी, हा क्रम पाळला तर खांदा मागे ओढावा लागत नाही. काख स्वच्छ करणे हे सर्वांत अवघड काम होते. हात वर करवून ती पुसण्याचा प्रयत्न केला की मी ओरडत असे. त्यावर मॅडमनी दाखवलेली युक्ती अशी, की टेबलासमोर बसून डावा हात टेबलावर पुढे ठेवायचा आणि हात न हलवता धडच पुढे झुकवायचे. काख आपोआप मोकळी होते आणि ओल्या रुमालाने पुसून कोरडी करता येते. कपड्यांच्या आणि काखेच्या या दोन युक्त्यांनी मला कोणत्याही गोळीपेक्षा अधिक दिलासा दिला असे मी म्हणेन.

मार्चमध्ये हाताचा पंजाही सुजला. डाव्या हातातल्या काचेच्या बांगड्या मनगटाशी रुतल्या आणि साबण लावूनही निघेनात, तेव्हा बहिणीने खाली रुमाल सरकवून त्या एकेक करून फोडल्या. अंगठी सोनाराकडून कापून आणावी लागली. पक्षाघाताच्या बाजूचे दागिने पहिल्याच आठवड्यात काढून ठेवावेत, मग भले कोणी काही म्हणो. न्यूरॉलॉजिस्टांनी दोन्ही पंजे शेजारी ठेवून रंग, उष्णता, घाम आणि त्वचेची चकाकी ताडून पाहिली. पक्षाघातानंतर काही जणांमध्ये खांदा आणि पंजा मिळून वेगळाच वेदनाविकार सुरू होतो. त्यात पंजा लाल व गरम होतो, हलका स्पर्शही सोसवत नाही, आणि त्याचे उपचार लवकर सुरू करावे लागतात. माझी सूज साधी, हात खाली राहिल्याची निघाली आणि पंजा कोपरापेक्षा उंच ठेवू लागल्यावर उतरली. पण रंग बदललेला दिसला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यावे, असे त्यांनी कागदावर लिहून दिले.

या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी लकव्याच्या तेलाची बाटली आणून दिली, कोणी कबुतराच्या रक्ताने चोळणाऱ्या माणसाचा पत्ता दिला. तेलाने हलक्या हाताने केलेली मालिश मला सुखावह वाटे आणि तीस मॅडमची हरकत नव्हती, फक्त खांदा रगडायचा नाही आणि गरम पिशवीचा शेक द्यायचा तर आधी चांगल्या हाताने ती किती गरम आहे ते पाहायचे, कारण संवेदना कमी असलेली कातडी भाजली तरी कळत नाही. कबुतरे वाचली. शेजारच्या काकांचा खांदा काही वर्षांपूर्वी आखडला होता आणि दाराच्या चौकटीला कप्पी टांगून, दोरीने हात वर ओढून तो मोकळा झाला होता. त्यांनी ती कप्पी मोठ्या प्रेमाने आमच्या दारावर बसवूनही दिली. मॅडमनी दुसऱ्या दिवशी ती उतरवली. निरोगी माणसाने हात वर केला की फरा फिरतो आणि दंडही बाहेरच्या बाजूला वळतो, त्यामुळे हाडाला वाट मिळते. पक्षाघाताच्या हातात हे दोन्ही आपोआप होत नाही, आणि कप्पीने ओढल्यास दंडाचा माथा वरच्या हाडाखाली मधले मऊ भाग चिमटतो. माझा हात त्या दिवसांत खांद्याच्या उंचीच्या वर नेलाच जात नसे, आणि तेथपर्यंत नेतानाही मॅडमचा दुसरा हात माझ्या फऱ्यावर असे.

तरीही दुखणे वाढतच गेले, म्हणून ११ एप्रिलला अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. तपासणीचे ८०० रुपये, एक्स-रेचे ४५० आणि खांद्याच्या सोनोग्राफीचे १,४०० रुपये झाले. डॉक्टरांनी कोपर अंगाशी टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवून पाहिला. तो अगदी थोडा वळून अडला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. स्नायूबंध फाटलेला नव्हता, पण सांध्याचे आवरण आखडले होते. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण तसेही जास्त असते, त्यात हात महिनोन्महिने स्वतःहून न हललेला. त्यांनी वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक लिहून दिले. औषधे आणायच्या आधी यजमानांनी न्यूरॉलॉजिस्टांना फोन केला, आणि तो केला हे फार बरे झाले. मी रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी घेत होते. तिच्यासोबत अशी वेदनाशामके घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, रक्तदाब चढू शकतो आणि मधुमेहीच्या मूत्रपिंडालाही ती सोसत नाहीत. त्यांनी पॅरासिटॅमॉल लिहून दिले आणि ते व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितले. तेव्हापासून कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना पक्षाघाताची फाइल आणि चालू गोळ्यांची यादी आम्ही सोबत नेतो आणि विचारण्याची वाट न पाहता समोर ठेवतो.

त्याच आठवड्यात सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, त्याचे २,८०० रुपये झाले. सुई टोचताना वाटली होती तेवढी वेदना झाली नाही, पण दोन दिवसांनी साखर २८० वर गेली. स्टेरॉइडमुळे मधुमेहींची साखर काही दिवस चढते हे आधी सांगितलेले असल्याने आम्ही घाबरलो नाही. घरच्या यंत्रावर रोज मोजत राहिलो आणि आठवडाभरात ती मूळ पातळीवर आली. रात्रीचे दुखणे निम्म्याने उतरले. इंजेक्शनने सांधा मोकळा होत नाही, मोकळा करण्याइतका वेळ वेदना बाजूला सारली जाते, असे डॉक्टर म्हणाले होते. मॅडमनी त्या वेळेचा पुरेपूर उपयोग करून घेतला आणि जूनपर्यंत पंजा बाहेरच्या बाजूला बराच वळू लागला.

जुलैत झटक्याला सहा महिने पूर्ण झाले. मेंदूच्या विकारांमुळे आलेल्या अपंगत्वाचे प्रमाणपत्रासाठीचे मूल्यमापन साधारणपणे सहा महिन्यांनंतरच होते, म्हणून तोवर थांबलो होतो. १० जुलैला अपंगत्व प्रमाणपत्रासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर मुलाने अर्ज भरला. आधार कार्ड, छायाचित्र, सही आणि रुग्णालयाची कागदपत्रे लागली. सही उजव्या हाताने करता येत असल्याने माझे सोपे झाले, ज्यांचा लिहिता हात गेला आहे त्यांच्यासाठी अंगठ्याच्या ठशाची सोय आहे. जिल्हा रुग्णालयातली तपासणीची तारीख ऑगस्टमध्ये मिळाली. सकाळी लवकर रांग लागते, बसायला जागा पुरत नाही, म्हणून हाताची उशी आणि पाण्याची बाटली घरून न्यावी. मूळ कागदपत्रांबरोबर छायाप्रतींचे दोन संच ठेवावेत, कारण एक केस पेपरला जोडला जातो. डॉक्टरांनी हात स्वतःहून किती उचलता येतो, मूठ उघडते का, बटण लावता येते का, हे करून पाहायला सांगितले. घरी मॅडमच्या मदतीने जे जमते ते तेथे दाखवण्याचा मोह होतो, पण आपण मदतीशिवाय जे करू शकतो तेवढेच दाखवावे. ४० टक्क्यांच्या वर प्रमाण आल्याने अपंगत्व ओळखपत्राचे पिवळ्या रंगाचे कार्ड मिळाले, तेही टपालाने नोव्हेंबरमध्ये. एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. कार्ड हाती येताना मन थोडे खट्टू झाले, हे लपवत नाही.

दरम्यान ऑगस्टपासून खांद्याने तिसरे रूप धरले होते. लुळा हात आता ताठरू लागला, कोपर मुडपून वर येई, मूठ वळलेली राही आणि दंड छातीशी ओढला जाई. दुखणेही जागा बदलून काखेच्या पुढच्या कडेला, छातीच्या स्नायूत आले. ते ओढल्यासारखे दुखे, आणि थंडीत, घाईत किंवा कोणी रागावले की वाढे. नात्यातल्या एकांच्या सांगण्यावरून ५ ऑक्टोबरला पंचवटी एक्स्प्रेसने दादरला आणि तेथून टॅक्सीने हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत गेलो. ही केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून याच कामासाठी आहे आणि तेथे पुनर्वसन वैद्यक, फिजिओथेरपी, व्यवसायोपचार आणि कृत्रिम अवयव व आधारसाधनांची कार्यशाळा एकाच आवारात आहे. गाडीत गर्दी होती. मी डावी बाजू खिडकीकडे करून बसले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा धक्का लागत नाही.

तेथील डॉक्टरांनी प्रथम हाच प्रश्न विचारला की आता दुखते ते सांध्यात की स्नायूत. मी उत्तर शोधत असताना त्यांनी हात अगदी सावकाश बाहेर नेला, आणि तो पुष्कळ बाहेर गेला. मग तोच झटकन नेला, तेव्हा मध्येच अडकला. सांधा बऱ्यापैकी मोकळा आहे आणि अडथळा ताठर स्नायूंचा आहे, असे त्यांनी समजावले. दुसरे स्टेरॉइड इंजेक्शन घेण्याचा आमचा विचार त्यामुळे बारगळला. छातीच्या आणि कोपराच्या स्नायूंत बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजे ताठर स्नायू काही काळ सैल करणारे इंजेक्शन, देण्याचा सल्ला मिळाला, आणि रात्री बॅक्लोफेन या ताठरपणा कमी करणाऱ्या गोळीची लहान मात्रा. बॅक्लोफेनने पहिले काही दिवस सकाळी गुंगी राही. ही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नसते, हे येथे नमूद करते.

रोजचे व्यायाम आणि नंतरच्या तपासण्या घराजवळ व्हाव्यात म्हणून इंजेक्शन नाशिकमध्येच १९ ऑक्टोबरला घेतले. औषधाच्या दोन कुप्या मिळून ३१,००० रुपयांना पडल्या आणि देण्याचे ४,००० वेगळे. कुप्या थंड राहाव्या लागतात, म्हणून औषधाच्या दुकानातून बर्फाच्या डब्यात थेट दवाखान्यात न्याव्या. खर्च मोठा आहे आणि तो परवडणारा आहे असे मी कोणाला सांगणार नाही. आम्ही त्यासाठी मुदत ठेव मोडली. आठवड्याभरात कोपर सैल वाटू लागले, महिन्याच्या सुमारास पूर्ण परिणाम दिसला. हा परिणाम तीन-चार महिन्यांनी ओसरतो, म्हणून त्या काळात ताण देण्याचे व्यायाम चुकवायचे नाहीत, असे डॉक्टरांनी आधीच ठणकावले होते. दिवाळीच्या दिवसांतही मी टेबलावर पंचा अंथरून, त्यावर दोन्ही पंजे ठेवून, तो पुढे सरकवण्याचा व्यायाम करत होते. फराळाचे टेबल त्या वर्षी वेगळे मांडावे लागले.

आज, फेब्रुवारी २०२४ मध्ये, रात्री कूस बदलताना जाग येत नाही. डावा हात उजव्या हाताच्या आधाराने खांद्याच्या उंचीपर्यंत जातो, ब्लाउज मी स्वतः घालते, भाजी चिरताना डावा पंजा दुधी भोपळा दाबून धरतो. मूठ अजून पूर्ण उघडत नाही आणि थंड वाऱ्यात काखेची पुढची कड ओढली जाते. बोटुलिनमचा परिणाम ओसरत असल्याचे जाणवते, पण दुखणे पूर्वीच्या पातळीवर गेलेले नाही. त्यामुळे दुसरी मात्रा आताच न घेता एप्रिलमध्ये हात पुन्हा तपासून ठरवायचे, असे डॉक्टरांशी बोलून ठरले आहे. मॅडम आता आठवड्यातून दोनदाच येतात. बाकीचे दिवस यजमान व्यायाम करवून घेतात, आणि १ मार्चपासून पतसंस्थेत अर्धा दिवस रुजू व्हायचे आहे, म्हणून माझ्या टेबलाची उंची कोपराच्या बरोबरीने आणण्यासाठी सुताराला सांगून ठेवले आहे.